मोठेपणी मासे खायला शिकायचं आहे: वास, काटे आणि लिबलिबीतपणा यांचं काय करायचं?

कोराकागद

चिकन, अंडी, मटण सगळं चालतं. मासे मात्र कायम टाळले आणि आता ते खायला शिकायचं आहे. अडचणी तीन:

१. शिजताना येणारा वास. ताटात आल्यावर तो तितका जाणवत नाही, पण तोवर भूक मेलेली असते.
२. काटे. प्रत्येक घास जिभेने चाचपून खायचा म्हणजे जेवण कमी आणि तपासणी जास्त.
३. पोत. कधी लिबलिबीत, कधी कापसासारखा कोरडा. बरोबर शिजलेला मासा कसा लागायला हवा हेच माहीत नाही.

मसाल्याखाली मासा पूर्ण दडला तर खाता येतो, पण मग मासाच कशाला? अ‍ॅलर्जी नाही, तपासून घेतलं आहे. घरात ओव्हन आहे, नॉनस्टिक तवा आहे, तापमान मोजायची सळई नाही. पहिला मासा कोणता, कुठला तुकडा आणि किती मिनिटं, असं नेमकं सांगा. ‘ताजा घ्या म्हणजे झालं’ हे खूपदा ऐकलंय. ताजा म्हणजे काय ते कोणी सांगत नाही.

कल्ले_उघडून_बघा

आधी वासाचं बघू, कारण बाकी दोन गोष्टी स्वयंपाकघरात सुटतात, ही मात्र बाजारातच सुटते किंवा बिघडते.

समुद्रातल्या माशाच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचं द्रव्य असतं. खाऱ्या पाण्यात शरीरातलं पाणी टिकवायला त्याला ते लागतं. त्याला स्वतःचा वास नाही. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, आणि आपण ज्याला ‘माशाचा वास’ म्हणतो तो हा. म्हणजे तुम्हाला नकोसा वाटणारा वास माशाचा कमी आणि माशाच्या वयाचा जास्त. नुकत्या धरलेल्या माशाला पाण्याचा, फार तर कापलेल्या काकडीसारखा हलका वास असतो.

अख्खा मासा घेताना कल्ला उचलून आत बघा. आतलं लाल किंवा गडद गुलाबी, ओलसर, त्यावरचा चिकट पदार्थ पारदर्शक असेल तर चांगलं. विटकरी, करडं किंवा दुधाळ चिकट असेल तर पुढे चला. डोळा फुगीर आणि काचेसारखा हवा, खोल गेलेला ढगाळ नको. अंगठ्याने पाठीवर दाबा, खड्डा लगेच भरून आला पाहिजे. आणि सरळ नाक लावून वास घ्या, त्यात लाजायचं काही नाही.

कापलेल्या तुकड्यात यातलं फारसं काही दिसत नाही. तिथे मांसाच्या थरांमध्ये फटी पडल्यात का आणि ट्रेमध्ये पाणी साचलंय का, एवढं बघा. दोन्ही असेल तर नको. कडा पिवळट झाल्या असतील तर चरबी खवट व्हायला लागली आहे.

घरी आणल्यावर बहुतेक जण चुकतात ते इथे. फ्रिज साधारण ४ ते ५ अंशांवर असतो, आणि मासा ० अंशाच्या तुलनेत तिथे जवळपास दुप्पट वेगाने खराब होतो. म्हणून भोकाच्या चाळणीत बर्फ, त्यावर पिशवीत बंद केलेला मासा, वर पुन्हा बर्फ, चाळणीखाली भांडं. वितळलेलं पाणी निथळलं पाहिजे, मासा त्यात बसता कामा नये. शक्यतो त्याच दिवशी शिजवा.

ताज्याची खात्री नसेल तर चांगला गोठवलेला घ्या. दोन-तीन दिवस बर्फावर पडलेल्या ‘ताज्या’पेक्षा धरल्या धरल्या गोठवलेला मासा कितीतरी बरा. रात्रभर फ्रिजमध्ये वितळवा. घाई असेल तर पिशवी घट्ट बंद करून गार पाण्यात ३० ते ४० मिनिटं. हवाबंद पाकीट असेल तर फ्रिजमध्ये वितळवण्याआधी ते फोडा. हवा नसलेल्या पाकिटात फ्रिजच्या गारव्यातही वाढू शकणारा एक विषारी जिवाणू आहे, त्याला संधी द्यायची नाही.

गोड्या पाण्यातल्या माशाचं गणित वेगळं. त्याला येतो तो मातकट वास, आणि तो मासा शिळा असल्यामुळे येत नाही. पाण्यातल्या शेवाळासारख्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेलं जिऑस्मिन माशाच्या चरबीत साठतं. कातडी, कातडीखालची तपकिरी पट्टी आणि पोटाचा भाग काढला की बराचसा जातो. उरलेल्यावर चिंच किंवा व्हिनेगरचं आंबट चालतं, आम्लात जिऑस्मिन मोडतं. सुरुवात मात्र समुद्रातल्या पांढऱ्या माशाने करा.

मुशी (छोटा शार्क) आणि वाघळी (पाकट) इतक्यात नकोच. त्यांच्या अंगात युरिया असतो, जरा उशीर झाला की अमोनियाचा भपकारा येतो. पहिल्याच घासाला तो भेटला तर तुम्ही परत मासे खाणार नाही.

मध्यम_आच

वरचं सगळं बरोबर. आता शिजवणं.

तुमच्या तीन अडचणींपैकी पोत आणि वास या दोन्हींना एकच उपाय आहे: कागदाच्या पुडीत, ओव्हनमध्ये. तेलात तळताना वासाचे बारीक थेंब हवेत उडतात आणि पडद्यांत जाऊन बसतात. पुडीत ते आतच राहतात.

१५० ग्रॅमची, २ सेंमी जाडीची पांढऱ्या माशाची बिनकाट्याची तुकडी. कॉड, जिताडा, रावस, जे मिळेल ते. पाव ते एक तृतीयांश छोटा चमचा मीठ दोन्ही बाजूंना लावून १५ मिनिटं ठेवा. पाणी सुटेल, ते कागदाने टिपून टाका. त्या पाण्यातच वास असतो, म्हणून ते तुकडीवर परत जाऊ देऊ नका.

बेकिंगच्या कागदावर तुकडी, १० ग्रॅम लोणी, चार-पाच अर्धे केलेले छोटे टोमॅटो. लसूण हवा असेल तर आधी लोण्यात परतून घ्या. कच्चा लसूण एवढ्या वेळात शिजत नाही आणि मग त्याचा उग्रपणा माशाच्या नावावर जमा होतो. कागदाच्या कडा दोनदा दुमडून घट्ट बंद करा. ओव्हन आधीच २०० अंशांवर तापलेला हवा. १० ते १२ मिनिटं. बाहेर काढून २ मिनिटं तशीच ठेवा, मग तोंड बाजूला धरून उघडा. लिंबू आता पिळा.

टोमॅटो उगाच नाही सांगितला. माशात इनोसिनेट असतं, टोमॅटोत ग्लुटामेट, दोन्ही चव देणारी द्रव्यं. दोन्ही एकत्र आले की चवीची खोली एकट्या कुणापेक्षाही कितीतरी जास्त जाणवते. मश्रूमनेही हेच होतं. मासा शिळा होत जातो तसं हे इनोसिनेट कमी होतं आणि शेवटी हायपोझँथिन नावाचं कडवट द्रव्य उरतं. म्हणूनच जुना मासा वास मारला नाही तरी फिका किंवा किंचित कडू लागतो.

झालं की नाही ते असं ओळखा: सर्वांत जाड भागात टूथपिक तिरपी खुपसून हलकेच फिरवा. थर एकमेकांवरून सरकून सुटले आणि आतला काचेसारखा भाग दुधाळ पांढरा झाला असेल तर झालं. थर ओढावे लागत असतील तर अजून एक मिनिट. तापमान मोजणार असाल तर जाड भागात ६३ अंश हा नेहमीचा सुरक्षित आकडा.

पोताचं कारण समजलं की अंदाज चुकत नाही. मासा पाण्यात तरंगतो, त्याला वजन पेलायचं नसतं. त्यामुळे त्याचे तंतू आखूड, आणि थरांना धरून ठेवणारे पडदे अगदी नाजूक. ते पडदे ५० ते ५५ अंशांच्या आसपासच विरघळायला लागतात, मांसासारखं तासभर शिजवावं लागत नाही. पुढे तापवत गेलात तर तंतू आकसून पाणी पिळून टाकतात, तोच तुमचा कापूस. चिकनची सवय असलेला माणूस इथे हमखास चुकतो, ‘अजून दोन मिनिटं, कच्चा नको राहायला’ म्हणून.

लिबलिबीतपणाची कारणं निराळी. हळू गोठवलेल्या माशात बर्फाचे मोठे स्फटिक होतात, पेशी फुटतात आणि वितळल्यावर मांस स्पंजासारखं होतं. दुसरं, गर्दीच्या तव्यावर तुकड्या भाजल्या न जाता स्वतःच्याच पाण्यात उकडतात. तिसरं कमी जणांना माहीत असतं: बांगडा, तारली, ट्यूना, तिलापिया अशा काही माशांत स्नायू मोडणारे विकर (एन्झाइम) असतात आणि ते ५५ ते ६० अंशांच्या आसपास जोरात काम करतात. मंद आचेवर रेंगाळत शिजवलं की पीठ होतं. असे मासे झटपट शिजवावेत.

बिनकाटे

काट्यांचा प्रश्न आधी खरेदीत सोडवा. बहुतेक माशांच्या बिनकाट्याच्या लांब तुकडीत राहून गेलेले बारीक काटे डोक्याकडच्या अर्ध्या भागात असतात. ते साधारण पोटाच्या पोकळीच्या लांबीइतकेच येतात. म्हणून दुकानात ‘शेपटीकडचा भाग द्या’ असं सांगा. तो भाग पातळ असतो, त्यामुळे वर दिलेल्या वेळेतून २ ते ३ मिनिटं कमी करा. तो सौदा परवडतो.

तरी तपासायचंच असेल तर वाडगा उलटा ठेवून त्यावर तुकडी कातडी खाली करून पसरा. वाकल्यामुळे काट्यांची टोकं वर येतात. बोट फिरवलं की सुईसारखी लागतील. चिमट्याने टोक पकडा, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी आजूबाजूचं मांस दाबून धरा आणि काटा ज्या बाजूला झुकलाय त्याच दिशेने, म्हणजे डोक्याकडे, ओढा. सरळ वर ओढलात तर मांस फाटतं.

सुरमईच्या गोल तुकडीत मधे मणका असतो आणि पोटाच्या बाजूला काही काटे. मणक्यापासून पाठीकडे असलेले दोन जाड भाग काट्याचमच्याने अलग केलेत तर ते जवळपास बिनकाट्याचेच. सुरुवातीला तेवढेच खा, पोटाचा भाग जाणकाराला द्या, तो आनंदाने घेईल.

पापलेट अख्खं खायला सगळ्यांत सोपं, कारण सांगाडा एकाच पातळीत असतो. आधी वरच्या आणि खालच्या कडेची किनार, म्हणजे पर आणि त्याखालचे काटे, चमच्याच्या धारेने ओढून ताटाच्या कडेला टाका. मग डोक्यापासून शेपटीपर्यंत मधोमध रेघ ओढा. रेघेच्या वरचं मांस पाठीकडे ढकला, खालचं पोटाकडे. पूर्ण सांगाडा उघडा पडतो. शेपटी धरून तो वर उचला, खालची बाजू आयती तयार. उलटायचं नाही.

रोहू, कटला, हिलसा यांच्या मांसात इंग्रजी वाय अक्षरासारखे दुभंगलेले सुटे काटे असतात. चवीला कितीही नावाजलेले असले तरी ते वर्षभराने.

काटा घशात टोचलाच तर भाताचा किंवा केळ्याचा मोठा घास गिळून ढकलायचा प्रयत्न करू नका, तो आणखी खोल रुततो. खोकून बघा. टोचणं थांबलं नाही, गिळता येईना किंवा लाळ गळायला लागली तर डॉक्टरकडेच.

डबाबंद

एवढा खटाटोप कशाला? डब्यातला ट्यूना घ्या. काटे नाहीत, शिजवणं नाही, घरभर वास नाही. तेलातला घ्या, पाण्यातला कोरडा लागतो. तेल निथळून बारीक कांदा, लिंबू, मिरपूड, उकडलेला बटाटा घालून कटलेट करा. १ डबा, साधारण १५० ग्रॅम, त्याला १ मोठा बटाटा. हळूहळू बटाटा कमी करत न्या.

मध्यम_आच

@डबाबंद, यावर मतभेद नोंदवतो. डब्यातला मासा आधी शिजवतात आणि मग डबा बंद करून दाबाखाली पुन्हा तापवतात. त्या उष्णतेत जो उग्र, लोखंडी वास तयार होतो तोच प्रश्नकर्त्याला नको आहे. आणि पोत म्हणाल तर तो कापसाचाच नमुना. त्यावरून माशाबद्दल मत बनवणं म्हणजे सुकामेवा खाऊन द्राक्षाबद्दल मत बनवणं. कटलेटबद्दल एवढंच सांगतो, त्याने बटाटा आवडायला लागतो.

डबाबंद

काही लोकांना आधी ‘मासा गिळला आणि काही झालं नाही’ एवढाच टप्पा गाठायचा असतो. त्यांना कटलेट उपयोगी पडतं. इथे प्रश्नकर्त्याला मसाल्याखाली दडवायचं नाहीये हे मान्य. तारलीचा डबा मात्र नंतर आठवणीने करून बघा. त्याच दाबामुळे काटे इतके मऊ होतात की चावून खाता येतात, आणि कॅल्शियम मिळतं ते त्या काट्यांतूनच.

कोराकागद

पुडीची पद्धत करून बघितली, सॅमनवर, कारण बिनकाट्याचं तेच मिळालं. वास खरंच नव्हता. पण तुकडीवर पांढरे दह्यासारखे गोळे आले. ते बघून अर्धा मासा तसाच राहिला. खराब होता का? आणि तव्यावर करायचं झालं तर तुकडी चिकटून तुटते, त्याचं काय?

मध्यम_आच

खराब नव्हता. ते माशाचंच प्रथिन आहे, अल्ब्युमिन. तंतू आकसताना ते पाण्याबरोबर बाहेर पिळलं जातं आणि पृष्ठभागावर गोठतं. अंड्याचा पांढरा भाग उकळत्या पाण्यात सांडल्यावर होतं तसंच. खायला निर्धोक आहे, पण जास्त आलं तर समजायचं की मासा गरजेपेक्षा जास्त किंवा फार वेगाने तापला. १ लिटर गार पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून तुकडी १० मिनिटं त्यात ठेवा, मग कोरडी टिपा. वरचे तंतू थोडे विरघळतात आणि गोळे बरेच कमी येतात. असं केलं तर वेगळं मीठ लावू नका. ओव्हन १८० वर आणा आणि सॅमन असेल तर १० व्या मिनिटालाच टूथपिक लावून बघा.

शिवाय सॅमन हा पहिला मासा म्हणून मी सांगितला नसता. चरबी जास्त, त्यामुळे चवही ठळक. कातडी सोलल्यावर मांसावर तपकिरी पट्टी दिसते ना, ती सुरीने तिरपी खरवडून काढा. सतत पोहण्यासाठी लागणारे स्नायू तिथे असतात, त्यात लोह आणि चरबी दोन्ही जास्त, आणि खवटपणा सगळ्यांत आधी तिथेच येतो. ती पट्टी काढलेला सॅमन आणि न काढलेला सॅमन शेजारी ठेवून खाल्लेत तर दोन वेगळे मासे वाटतील.

तव्याबद्दल: चिकटण्याचं कारण बहुतेक वेळा ओलावा आणि घाई. तुकडी कागदाने टिपा, मीठ लावून १५ मिनिटांनी पुन्हा टिपा. तांदळाचं पीठ नावापुरतं भुरभुरवून झटका. थर दिसता कामा नये. तवा मध्यमपेक्षा थोड्या जास्त आचेवर, १ मोठा चमचा तेल. तेल पाण्यासारखं पातळ होऊन लहरायला लागलं की कातडी खाली करून तुकडी ठेवा, आपल्यापासून लांबच्या दिशेने झोपवत. कातडी आकसून कडा वर उचलल्या जातात, म्हणून कालथ्याने २० सेकंद हलकेच दाबून धरा. त्यानंतर ३ ते ४ मिनिटं हात लावायचा नाही. कडेने बघत राहा: पांढरेपणा खालून वर चढत जातो. तो दोन तृतीयांशापर्यंत आला आणि कालथा घातल्यावर तुकडी आपोआप सरकली की उलटा. सरकत नसेल तर कवच अजून झालेलं नाही, खरवडू नका, अर्धा मिनिट थांबा. दुसरी बाजू फक्त १ मिनिट.

कल्ले_उघडून_बघा

दोन गोष्टी राहिल्या.

दूध. शिजवण्याआधी तुकडी अर्धी वाटी दुधात २० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, दूध फेकून द्या, मासा टिपा. दुधातलं केसिन हे प्रथिन वासाचं अमाइन धरून ठेवतं आणि दुधाबरोबर ते निघून जातं. लिंबू दुसऱ्या रीतीने काम करतं, आम्लामुळे अमाइनचा क्षार होतो आणि तो हवेत उडत नाही. पण लिंबू लावून तास-दोन तास मुरवत ठेवू नका. आम्लाने प्रथिनं गोठतात आणि तुकडी शिजायच्या आधीच खडूसारखी होते. १० मिनिटं पुष्कळ. शिळा मासा मात्र यातल्या कशानेही ताजा होत नाही.

दुसरं, सावधगिरी. ट्यूना, बांगडा, तारली, सुरमई या जातीचे मासे उबेत पडून राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन नावाचं, अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणारं द्रव्य तयार होतं, आणि ते शिजवून जात नाही. घास घेतल्यावर जीभ चुरचुरली किंवा मिरी चावल्यासारखं झालं तर तिथेच थुंका. ‘मला माशाची चवच अशी लागते’ म्हणून पुढे खाऊ नका. तोंड लाल होणं, डोकं ठणकणं यावरून बऱ्याच जणांना आपल्याला अ‍ॅलर्जी आहे असं वाटतं, प्रत्यक्षात तो एकच मासा बिघडलेला असतो. खरी अ‍ॅलर्जी बहुतेक वेळा माशातल्या पार्व्हल्ब्युमिन या प्रथिनाची असते आणि कोळंबी-खेकड्याची वेगळ्या प्रथिनाची, म्हणून एकाची चाचणी दुसऱ्याला लागू होत नाही. तुमची चाचणी कशाची होती ते एकदा बघून घ्या.

गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी शार्क, तलवार मासा, किंग मॅकरेल असे मोठे शिकारी मासे टाळावेत, त्यांच्यात पारा साठतो. सुरमई किंग मॅकरेलच्याच गोतातली. बाकीच्यांनी मासे आलटून पालटून खावेत.

बिनकाटे

सवयीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. अख्खं ताट माशाचं वाढून घेऊ नका. नेहमीचं जेवण पूर्ण असू द्या आणि बाजूला ३० ते ४० ग्रॅम, म्हणजे दोन-तीन घास. मासा तोच, पद्धत तीच, आठवड्यातून दोनदा, निदान महिनाभर. दर वेळी नवीन मासा आणि नवीन पद्धत केली तर जिभेला ओळख होत नाही. दर वेळी पहिलीच भेट. एका वेळी एकच गोष्ट बदला: आधी पुडीऐवजी तवा, मग त्याच तव्यावर दुसरा पांढरा मासा, मग सॅमन, मग ताजा ट्यूना. बांगडा आणि तारली सगळ्यांत शेवटी, आणि तेही अगदी ताजे.

गरम गरम खा. उरलेला मासा मायक्रोवेव्हमध्ये तापवला की चरबी आणखी खवट होते आणि ज्या वासापासून पळत होतात तो दुपटीने परत येतो. उरलाच तर दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढून गारच, लिंबू आणि काकडीबरोबर. गार असताना वास कमी उडतो.

कोराकागद

चाचणी माशाची होती, कोळंबीची नाही. बघतो ते. शेपटीकडची जिताड्याची तुकडी मिळाली आहे, पुडीत ८ मिनिटं ठेवणार आहे. शेवटचा प्रश्न: तवा आणि हात यांना राहणारा वास?

डबाबंद

आधी गार पाणी. गरम पाण्याने प्रथिनं भांड्यावर गोठून चिकटतात आणि वास पक्का होतो. गार पाण्याने विसळून झाल्यावर १ चमचा व्हिनेगर किंवा पिळलेल्या लिंबाची साल फिरवा, मग साबण आणि गरम पाणी. हातांनाही हाच क्रम. लाकडी फळीवर मासा कापूच नका, चिरांत शिरतं. आणि टिपलेले कागद, कातडी, पुडी हे सगळं पिशवीत बांधून त्याच रात्री घराबाहेर टाका. सकाळी येणारा वास बहुतेक वेळा कचऱ्याच्या डब्यातलाच असतो.